ठसका

कल्पिताचा फोन आला की आसावरी आधी मनातल्या मनात दात-ओठ खायची आणि मग तोंडभर हसून म्हणायची, "बोल गं!"

दोघी सख्ख्या जावा. थोरली आसावरी डोंबिवलीत, सासूबाईंना सांभाळून राहणारी. धाकटी कल्पिता ठाण्याला, बाळकुमच्या एका उंच इमारतीत खाडीचा वारा खाणारी. दोघींचीही मुलं यंदा नीटला बसलेली. आसावरीचा साकेत दुसऱ्यांदा, कल्पिताची अंतरा पहिल्यांदा.

"ताई, सहज केला हो," अशी कल्पिताची सुरुवात व्हायची आणि चहाचं आधण यायच्या आत गाडी सराव परीक्षेवर यायची. "अंतराला बाई या वेळी जरा कमीच पडले. सहाशे चाळीस. कालपासून रडतेय."

सहाशे चाळीसला रडणारी पोर! इकडे साकेत साडेचारशेच्या पुढे सरकत नव्हता, आणि साडेचारशे पडले की वडापाव आणून खात होता. आसावरी फोनवर म्हणायची, "होईल गं! आपल्याच घरची पोर. डॉक्टर झाली तर औषधपाणी फुकट आपल्याला." मग फोन ठेवायची आणि कुकरचं झाकण अशा आवाजात लावायची की सासूबाई आतून विचारायच्या, "कल्पिताचा होता का?"

आता खरं सांगायचं तर आसावरी काही जात्याच जळकी नव्हती. जावेची गाडी, जावेचा फ्लॅट, जावेचे दरवर्षी नवे होणारे पडदे, यांतलं काही तिच्या डोळ्यांत कधी खुपलं नाही. पण पोटच्या पोराची गोष्ट वेगळी. तिथे भल्याभल्या बायकांचा तोल जातो, आणि आसावरी तर भली म्हणून कुठे नावाजलेलीही नव्हती.

त्यात गेल्या वर्षीची सल होती. परीक्षेला जाताना तिने हट्टाने साकेतला नवाकोरा आकाशी शर्ट घालायला लावला होता, पूर्ण बाह्यांचा. "आई, हाफ लागतो," असं तो दोनदा म्हणाला होता. "चांगल्या कामाला चांगले कपडे घालावेत," असं तिने ऐकवलं. गेटवर पहारेकऱ्याने कात्री मागवली आणि दोन्ही बाह्या कोपरावर कापल्या. पोरगा आत जाऊन बसला, तो पेपर सोडून लोंबणाऱ्या दोऱ्यांकडेच बघत राहिला. नातेवाइकांना आसावरीने सांगितलं, "बाहीमुळे गेलं हो वर्ष." शर्ट कुणी घालायला लावला, ते सांगितलं नाही. साकेतनेही तो विषय कधी काढला नाही, आणि तेच तिला जास्त लागत होतं.

यंदा परीक्षेची केंद्रं आली आणि दैवाने गंमत केली. साकेतचं केंद्र ठाण्यात, बाळकुमपासून हाकेच्या अंतरावर. अंतराचं केंद्र डोंबिवलीत, आसावरीच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. परीक्षा रविवारी आणि रविवारी लोकलचा मेगाब्लॉक. कल्पितानेच डोकं चालवलं. "ताई, अदलाबदल करू. शनिवारी साकेत माझ्याकडे, अंतरा तुमच्याकडे. तुम्ही माझीला बघा, मी तुमच्याला बघते."

आसावरी "छानच!" म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

शनिवारी दुपारी धाकटे दीर, विश्राम, गाडीने अंतराला घेऊन आले. त्याच गाडीतून साकेत आणि त्याचे बाबा, हरिहर, बाळकुमला जायचे होते. अंतरा आली तशी आजीच्या गळ्यात पडली, काकूच्या पाया पडली, स्वतःची चप्पल रॅकमध्ये ठेवली. दोष काढायला जागा नव्हती आणि याचाच आसावरीला राग येत होता. तेवढ्यात तिला पोरीच्या नाकातली चमकी दिसली.

बारीकशी, हिऱ्यासारखी चमकणारी, मागून फिरकीची. बारावीचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी टोचून घेतलेली. आसावरीच्या चटकन लक्षात आलं. अंगावर धातूचं काही चालत नाही. गेल्या वर्षी साकेतच्या पुढच्याच एका मुलीला गेटवर अशीच चमकी काढायला लावली होती, ती निघता निघेना आणि ती मुलगी ओक्साबोक्शी रडत आत गेली होती.

"अगं, ही तुझी..." आसावरीने तोंड उघडलं.

"अंतरा, थांब थांब!" साकेत पाठीवर सॅक टाकून दारातून परत आला. "ते आरशांचं प्लस-मायनस एकदा सांग ना. माझं दर वेळी उलटंच होतं यार."

अंतराने टेबलावरचा चमचा उचलला. "हे बघ दादा. आतली बाजू कॉन्केव्ह. तोंड लांब धरलंस की उलटा दिसतोस ना? आता फिरव. बाहेरची बाजू कॉन्व्हेक्स. कितीही लांब जा, सरळच दिसणार. गणित सोडवताना नुसता चमचा आठव, चिन्हं आपोआप बसतील."

"अरे! असं क्लासमध्ये सांगितलं असतं तर?" साकेत खूश होऊन आईकडे वळला. "बघ आई, हिने दोन मिनिटांत सांगितलं!"

विश्राम कौतुकाने लेकीकडे बघत होते. हरिहर भावाकडे बघून हसत होते. वर्षभर दोन-दोन क्लास लावलेल्या मुलाला त्याच्याहून लहान पोरीने भर दिवाणखान्यात चमच्याने भरवलं होतं, आणि तो ढब्बू मिटक्या मारत होता! आसावरीच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की तोंडातलं वाक्य तिथेच राहिलं. तिने मूग गिळले. मनात म्हणाली, कळू दे हिलाही एकदा, गेट म्हणजे काय असतं ते.

गाडी गेली. त्यानंतर आसावरीने पाहुणचारात काडीची कसूर केली नाही. मऊ वरण-भात, वर तुपाची धार, बटाट्याच्या काचऱ्या, पोटाला थंड म्हणून कोकम सरबत. पोरीला झोपायला पंख्याखालची जागा दिली. मनात खोट असली की हात सढळ होतात, हे ज्यांच्या मनात कधी खोट आली त्यांना ठाऊक असेलच. अंतरा म्हणाली, "काकू, तुझ्याकडे किती शांत वाटतं गं." आसावरीने दुसरीकडे बघत तिला आणखी तूप वाढलं. दर घासाला ती चमकी दिव्याच्या उजेडात लकाकत होती.

रविवारी सकाळी पोह्यांचा नाश्ता झाल्यावर सासूबाईंनी फर्मान काढलं. मंदाकिनीबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डोळ्यांवर काळा गॉगल लावून त्या स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"आसावरी, पोरीची दृष्ट काढ."

"आत्ता? आई, दृष्ट तिन्हीसांजेला काढतात ना?"

"मग पेपर तिन्हीसांजेला ठेवायला सांग. तिकडे कल्पितालाही कळवलंय, साकेतची काढायला. मीच काढली असती, पण डॉक्टरने धुराजवळ जायचं नाही म्हणून बजावलंय. थोरली तू आहेस. तूच काढ."

अंतरा हसत पाटावर बसली. आसावरीने मुठीत मीठ-मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या घेतल्या, गॅसवर लोखंडी तवा तापत ठेवला आणि पोरीच्या चेहऱ्यावरून मूठ ओवाळायला लागली. ओठांतल्या ओठांत पुटपुटली, "आल्यागेल्याची, पाहुण्यारावळ्याची..."

"मोठ्याने म्हण," सासूबाई म्हणाल्या. "दिसत नाही मला, ऐकू तरी येऊ दे."

"आल्यागेल्याची, पाहुण्यारावळ्याची, भुताखेताची, वाटेवरची, चव्हाट्यावरची..." मूठ गोल फिरत होती आणि दर फेऱ्याला ती चमकी आसावरीकडे बघून डोळा मारत होती. "घरच्यांची..."

तिथे जीभ अडखळली.

"घरच्यांत कोण कोण ते म्हण," सासूबाई बोलल्या. "आमच्या माहेरी नात्याचं नाव घेतात. नाव घेतल्याशिवाय उतरत नाही."

"आजीची, आत्याची, मामीची..."

"आणि?"

"काकूची," आसावरी म्हणाली.

अंतराला हसू फुटलं. "ए आजी, काहीही काय! काकूची कशी लागेल?"

आसावरीने घाईघाईने मूठ तव्यावर रिकामी केली. मोहरी तडतडली. मिरच्या फुगल्या, तपकिरी झाल्या, काळ्या पडल्या. तिघी श्वास रोखून थांबल्या. आता नाकात जाईल, आता घसा खवखवेल. पण ठसका म्हणून आला नाही. मिरच्या जळून कोळसा झाल्या आणि कुणी साधं शिंकलंही नाही.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. मिरच्या जाळल्यावर ठसका लागला तर समजावं, दृष्ट नव्हतीच. ठसका आला नाही, तर समजावं की दृष्ट होती आणि तीही सणसणीत.

"नाही ना आला?" मंदाकिनीबाईंनी नाक वर करून हुंगलं. "अरे देवा! केवढी लागली होती गं पोरीला!"

आसावरी शिकलेली बाई होती, बी. कॉम. झालेली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये अंधश्रद्धेवर बोललेली. पण तव्यावरचा तो मुका कोळसा बघून तिला वाटलं, आपण पकडले गेलो.

"उतरली का आई आता?" तिने विचारलं.

"लावणाऱ्याच्या मनातून उतरली असेल, तर उतरली."

आसावरीने तवा बाजूला केला, हात पदराला पुसले आणि एका दमात म्हणाली, "अंतरा, ती चमकी काढ. गेटवर चालत नाही."

"हं? आई तर म्हणाली, एवढीशी चालेल."

"नाही चालत. तिथे काढायला लावतात. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी गेल्या वर्षी."

"मग काल का नाही सांगितलंस काकू?"

प्रश्न साधा होता. विचारणारीच्या मनात काही नव्हतं. "विसरले गं," आसावरी म्हणाली. खुर्चीतला काळा गॉगल हळूच तिच्याकडे वळला आणि पुन्हा सरळ झाला.

चमकी निघेना. फिरकी घट्ट बसलेली. अंतराने ओढून पाहिलं, पिळून पाहिलं, नाक लालबुंद झालं. खोबरेल तेल लावलं तर बोटंच निसटायला लागली. बघता बघता पोरीचा धीर सुटला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "काकू, मला काही आठवत नाहीये. आत्ता काहीच आठवत नाहीये. सगळं ब्लँक झालंय. मी नाही जात."

खोटं कशाला बोला? आसावरीला क्षणभर बरं वाटलं. सहाशे चाळीसवाली अंतरा तिच्या ओट्यापाशी बसून मुसमुसत होती. जे गेटवर व्हावं असं तिला वाटलं होतं ते घरीच, डोळ्यांसमोर झालं होतं. मग पोरीने बाहीने नाक पुसलं, आणि आसावरीला गेल्या वर्षीचे ते लोंबणारे आकाशी दोरे आठवले. आत गेल्यावर साकेतनेही असंच नाक पुसलं असेल, आणि पुसायला बाहीसुद्धा नव्हती.

तिने मांडणीवरचा चमचा उचलून अंतराच्या हातात दिला. "ते आरशाचं मला परत सांग."

"काय?"

"कालचं. साकेतला सांगितलंस ते. मला नाही कळलं. सांग म्हणते ना!"

अंतराने हुंदका गिळला. "आतली बाजू कॉन्केव्ह... तोंड लांब धरलं की..." तिने चमचा काकूच्या तोंडासमोर धरला. आसावरीला चमच्यात स्वतःचं तोंड उलटं दिसलं, हनुवटी वर आणि कुंकू खाली. "हे उलटं का दिसतं गं?" ती विचारत राहिली, पोर सांगत राहिली. सांगता सांगता तिचा आवाज ताळ्यावर आला, खांदे सैल झाले. आसावरीने एका हाताने रुमालात फिरकी पकडली, दुसऱ्या हाताने चमकी फिरवली आणि "म्हणून प्लस घ्यायचं" या वाक्यावर ती सुटून तिच्या तळहातावर आली.

पोरीला तोंड धुवायला पाठवून आसावरी ओटा आवरायला लागली. तेव्हा कुठे तिच्या कानाला घूंऽऽ असा आवाज जाणवला. गॅसच्या वरची चिमणी. पोह्यांच्या फोडणीपासून चालूच राहिली होती! म्हणजे तो ठसका गेला होता चिमणीतून बाहेर, आणि आपण उगाच घाबरून सगळं बोलून बसलो. आसावरीने खटकन बटण दाबलं. स्वतःचा इतका राग तिला बऱ्याच दिवसांत आला नव्हता.

गेटवरच्या बाईने अंतराचे कान पाहिले, गळा पाहिला, केस चाचपले, नाक पाहिलं आणि आत सोडलं. आत जाता जाता पोरीने मागे वळून नाकाच्या रिकाम्या भोकावर बोट ठेवलं आणि हसली. काप गेले नि भोकं राहिली ही म्हण एरवी रडताना म्हणतात, पण त्या दिवशी कुणाला तरी ती लाभली.

बाहेर गुलमोहराखाली इतर आयांमध्ये जागा मिळते न मिळते, तोच फोन वाजला.

"ताई, सोडलं हो साकेतला! मजेत गेला, हसत हसत. आणि आईंनी सांगितलं म्हणून दृष्ट काढली, तर काय सांगू! असला ठसका, असला ठसका! चिमणी फुल्ल ठेवली होती, तरी आम्ही सगळे खोकून खोकून बेजार. आईंना सांगा, त्याला काही म्हणता काही लागलेली नव्हती. अंतराची काढलीत?"

"काढली," आसावरी म्हणाली. "ठसकाच आला नाही."

"वाटलंच मला," कल्पिताने सुस्कारा सोडला. सुस्काऱ्यात काळजी होती, पण काळजीच्या आत मखमलीत ठेवल्यासारखा अभिमान होता. "येतंच हो डोळ्यांवर सगळ्यांच्या. काय करणार?"

चिमणी चालू होती म्हणून, हे आसावरीच्या अगदी ओठांवर आलं. पण बोलणार कसं? चिमणी दोन्हीकडे चालू होती. तिथे ठसका आला, इथे नाही. ती फोन ठेवून ऊन बघत बसली. इतक्या बायका त्या झाडाखाली होत्या, आणि प्रत्येकीला आपल्या पोराला कुणाची नजर लागेल याची धास्ती होती. आसावरीला वाटलं, ही धास्तीसुद्धा नशिबाने मिळते.

संध्याकाळी अंतरा बाहेर आली ती दमलेली, पण रडलेली नव्हती. "फिजिक्स डेंजर होतं काकू," एवढंच म्हणाली. विश्राम साकेतला आणि हरिहरना सोडून तिला घेऊन गेले. चमकी आसावरीने कागदात गुंडाळून पोरीच्या हातात दिली.

साकेत आल्या आल्या दोन पेले सरबत प्यायला.

"कसा गेला रे?"

"बरा गेला. आरशावर एक प्रश्न आलेला. चमच्याने सोडवला." आणि तो हसला.

दिवेलागण झाली तशी आसावरीने पुन्हा पाट मांडला. "बस इथे. दृष्ट काढते."

"परत? सकाळी काढली ना काकूने!"

"ती तिकडची. ही घरची. बस गुमान."

साकेत बसला. आसावरीने मीठ-मोहरी घेतली, मिरच्या घेतल्या, आणि हळूच, कुणाला कळणार नाही असं, चिमणीचं बटण दाबलं. एक नंबरवर. आवाज अगदी बारीक.

"चिमणी बंद कर," मंदाकिनीबाई दारातून म्हणाल्या.

"आई, धूर होईल. तुमच्या डोळ्यांना..."

"होऊ दे. पदर आहे मला. सकाळी चालू होती तेव्हा मी काही बोलले नाही, सकाळी मला ठसका नको होता." त्यांनी गॉगल सारखा केला. "आता बंद कर. पोराचं खरं काय ते कळू दे."

आसावरी सासूकडे बघत राहिली. मग तिने बटण बंद केलं. स्वयंपाकघर एकदम शांत झालं. तिने मूठ ओवाळली, सगळ्यांची नावं घेतली, घरच्यांची, दारच्यांची, आजीची, काकूची, ओळखीच्या आणि अनोळखी माणसांची. इतक्या सावकाश, इतक्या आशेने तिने आजवर कुणाची दृष्ट काढली नव्हती. मग मिरच्या तव्यावर टाकल्या आणि श्वास धरून उभी राहिली. येऊ नकोस, ती मनात म्हणत होती. फक्त आजच्या दिवस येऊ नकोस.

ठसका आला. असा आला की हरिहर खोकत गॅलरीत पळाले, सासूबाईंनी पदरात तोंड खुपसलं, साकेत शिंकत शिंकत भिंतीला टेकला.

"चला!" मंदाकिनीबाई पदराआडून म्हणाल्या. "काही लागलेली नाही. सुटलो!"

"मी म्हटलं ना!" खोकता खोकता साकेतला हसू आवरेना. "माझ्यावर कोण जळणार गं आई? उगाच मिरच्या घालवल्यास."

आसावरीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि बरं होतं की मिरच्या जळत होत्या. वर्षभर ती दुसऱ्याच्या पोरीवर जळत राहिली, आणि साऱ्या जगात तिच्या पोरावर घटकाभर जळणारं एकही माणूस नव्हतं. तिने पदराने आधी त्याचं नाक पुसलं, मग स्वतःचे डोळे पुसले.

"लागेल रे," ती म्हणाली. "तुलाही लागेल कुणाची तरी. लागेल एक दिवस."